‘आमचे पणजोबा कायदे कौन्सिलात होते’ : हे तपासायचे कसे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात एक जुनी तसबीर आहे. तिच्याखाली नाव आणि ‘नामदार, मुंबई कायदे कौन्सिल’ एवढेच लिहिले आहे. काळ अंदाजे १८७० ते १९०० मधला. गृहस्थ खरोखर सभासद होते का, त्या काळी सभासद कोण आणि कसे होत, आणि सगळ्यांची यादी कुठे मिळेल, असे विचारले आहे.

मी बरीच वर्षे जुन्या सरकारी कागदांवर काम करतो आणि घराण्यांच्या इतिहासासाठी असे शोध नेहमीच करून देतो. त्या अनुभवावरून आधीच सांगतो, यादीपासून सुरुवात करू नका. १८६२ पासून शतक संपेपर्यंत ‘सभासद’ या एका शब्दाखाली निरनिराळ्या प्रकारची माणसे बसलेली आहेत. यादीत नाव सापडले तरी ते गृहस्थ कोण होते हे त्यातून कळत नाही, आणि सापडले नाही तरी ते नव्हतेच असेही ठरत नाही. विचारायचे ते असे: ते कोणत्या जागेवर बसले, ती जागा त्यांना कोणी दिली, आणि कोणत्या दोन वर्षांसाठी? या तिन्हींची उत्तरे मिळाली की बाकीचे आपोआप उलगडते.

पहिल्यांदा नकाशा बघा. मुंबई इलाखा म्हणजे आजचा महाराष्ट्र नव्हे. त्यात सिंध होता, ब्रिटिश गुजरात होता, बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवारचा कानडी मुलूख होता, आणि मराठी मुलखापैकी फक्त मुंबई, कोकण, खानदेश आणि देश होता. विदर्भ नव्हता. वऱ्हाड निजामाकडून घेतलेला ‘ठेवीचा’ मुलूख म्हणून वेगळाच चाले, आणि नागपूर १८६१ साली झालेल्या मध्य प्रांतात होते. त्या प्रांताला स्वतःचे कायदे कौन्सिल मिळायला १९१३ साल उजाडावे लागले. म्हणून ‘आमचे नागपूरचे आजोबा १८९५ साली कौन्सिलात होते’ असे कोणी सांगितले, तर ते प्रांतिक कौन्सिल असू शकत नाही. नागपूरचे गंगाधरराव चिटणवीस त्या काळात कौन्सिलात होते हे खरे, पण ते व्हाइसरॉयच्या, म्हणजे कलकत्त्याच्या कौन्सिलात. मराठवाडा निजामाचा. कोल्हापूर, सांगली, बडोदे ही संस्थाने, त्यामुळे तिथल्या प्रजेला या कौन्सिलशी कर्तव्य नव्हते. गोव्याची तर तऱ्हाच निराळी. तिथून थेट लिस्बनच्या पार्लमेंटात प्रतिनिधी निवडून जात. बेर्नार्दु पेरिश द सिल्व्हा १८२० च्या दशकात गेले, फ्रान्सिस्कु लुईश गोमिश १८६० च्या दशकात बसले. मुंबईत अजून गव्हर्नर आपल्या मर्जीने माणसे नेमत होता तेव्हा मडगावकडचा माणूस निवडून जात होता, हे आपल्याकडे फारसे कोणी लक्षात घेत नाही.

तुमचे गाव इलाख्यात बसते असे धरून पुढे जाऊ. १८६२ च्या आधीचा दावा असेल तर तो सोडून द्या. १८३३ च्या सनदी कायद्याने मुंबई सरकारचा कायदे करण्याचा अधिकारच काढून घेतला होता. सगळे कायदे कलकत्त्याला होत. १८५३ नंतर तिथल्या कायदेमंडळात मुंबईचा एक प्रतिनिधी बसू लागला, पण तोही मुंबईचा गोरा मुलकी अधिकारी. १८६१ च्या इंडियन कौन्सिल्स अॅक्टने हा अधिकार मुंबईला आणि मद्रासला परत दिला. २२ जानेवारी १८६२ रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये पहिली बैठक भरली. सर जॉर्ज क्लार्क तेव्हा गव्हर्नर होते आणि त्यांची कारकीर्द संपत आली होती. त्यांच्यामागून दोनतीन महिन्यांतच सर बार्टल फ्रियर आले.

या सभेचे अधिकृत नाव लांबलचक होते, आणि त्यातच सगळी गोम आहे. कागदोपत्री ती ‘कायदे व नियम करण्यासाठी भरलेली मुंबईच्या गव्हर्नराची कौन्सिल’ होती. म्हणजे स्वतंत्र विधिमंडळ असे काही नव्हतेच. गव्हर्नराची जी कार्यकारी कौन्सिल रोजचा कारभार पाही, तिच्यातच कायदा करायच्या दिवशी काही जादा माणसे येऊन बसत. या जादा माणसांना ‘अॅडिशनल मेंबर’ म्हणत. तुमचे गृहस्थ हिंदी असतील आणि काळ एकोणिसाव्या शतकातला असेल, तर ते याच वर्गातले. कार्यकारी कौन्सिलात हिंदी माणूस शिरायला १९१० साल लागले, आणि ते महादेव भास्कर चौबळ.

संख्या बघा, म्हणजे प्रमाण ध्यानात येईल. वर गव्हर्नर. मग मुंबईच्या फौजेचे कमांडर-इन-चीफ, कारण १८९५ मध्ये इलाख्यांच्या फौजा एक होईपर्यंत मुंबईला स्वतंत्र सेनापती होता. कार्यकारी कौन्सिलचे दोन सभासद, दोघेही मुलकी नोकरीतले. अॅडव्होकेट जनरल, म्हणजे सरकारचा मुख्य वकील, हुद्द्यामुळे. आणि गव्हर्नराने नेमलेले जादा सभासद कमीत कमी चार, जास्तीत जास्त आठ, ज्यांतले निदान निम्मे सरकारी नोकरीत नसलेले असावेत अशी अट. झाडून सगळे आले तरी तेरा. एका लांब मेजाभोवती मावतील एवढी माणसे. सरकारी पक्षाचे बहुमत त्या रचनेतच होते, त्यासाठी वेगळी खटपट करावी लागत नसे.

‘सरकारी नोकरीत नसलेले’ या अटीवर जरा थांबतो, कारण बहुतेक लोक इथेच चुकतात. आपण मनात ‘सरकारी म्हणजे गोरा, बिनसरकारी म्हणजे आपला’ अशी वाटणी करून टाकतो. कायद्याची वाटणी तशी नव्हती. बिनसरकारी जागांवर मुंबईचे गोरे व्यापारीही बसत. फ्रँक फोर्ब्स अॅडम हे चेंबर ऑफ कॉमर्सचे अध्यक्ष जादा सभासद होते. उलट न्या. महादेव गोविंद रानडे १८८५ साली कौन्सिलात आले, तेव्हा ते सरकारच्या न्यायखात्यात नोकरीला होते, म्हणून कायद्याच्या हिशोबी ते सरकारी बाजूत मोजले गेले. त्याच साली, त्याच गव्हर्नराने, म्हणजे लॉर्ड रे यांनी, दादाभाई नौरोजींनाही घेतले, आणि ते बिनसरकारी. एकाच मेजावरची ही दोन माणसे. देशाच्या गरिबीबद्दलचे दोघांचे विचार एकमेकांना किती जवळचे होते हे सांगायला नको, पण रकाने दोन. तुमच्या गृहस्थांनी कुठे डेप्युटी कलेक्टरी, सबजज्जी किंवा तत्सम नोकरी केली असेल, तर त्यांना बिनसरकारी सभासदांत शोधत बसू नका.

आता नेमले कोणाला जाई. पहिल्या खेपेला गव्हर्नराने इलाख्यातली मोठी घरे धरली. नाना शंकरशेट, रुस्तमजी जमशेटजी जीजीभाई, विंचूरकर सरदार अशी ती नावे. यात हिशोब उघड दिसतो. मुंबईचा सावकार-व्यापारी एक, पारशी पेढी एक, दख्खनचा सरदार एक. सत्तावन सालच्या उठावाला जेमतेम पाच वर्षे झाली होती, आणि कोणत्या बड्या घराण्यांचा सल्ला घेतल्याचे दिसले म्हणजे बरे, हे सरकारला चांगले कळत होते. सरदार-इनामदार कौन्सिलात किती बोलले हा मात्र वेगळा प्रश्न. कामकाज इंग्रजीत, मसुदे इंग्रजीत आणि कलमांची भाषा वकिली. जुन्या घराण्यातल्या पुष्कळ सभासदांची नावे हजेरीत दिसतात, भाषणात दिसत नाहीत. म्हणून घरात ‘कौन्सिलात गाजवले’ अशी आठवण असेल आणि गृहस्थ १८६०-७० च्या दशकातले सरदार असतील, तर मी जरा सावधच असतो. नाना शंकरशेट अपवाद होते, पण त्यांचा सार्वजनिक कामाचा अनुभवच तेवढा दांडगा होता.

पुढे वारे बदलले ते वकिलांच्या येण्याने. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक १८७४ साली नेमले गेले आणि दर दोन वर्षांनी फेरनेमणूक होत १८८२ पर्यंत राहिले. हा माणूस मसुदा घरी नेऊन कलम न् कलम वाचणारा. १८७९ चा जमीन महसूल कायदा आणि १८८० चा खोतीचा कायदा, हे शेतकऱ्यापासून खोतापर्यंत सगळ्यांच्या पोटाशी भिडणारे दोन्ही कायदे त्यांच्याच काळात झाले. कोकणच्या खोतांची बाजू तिथे त्यांनी मांडली. खोतांची बाजू मांडणे म्हणजे कुळांच्या विरुद्ध बोलणे, असे आज कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. पण तोवर कौन्सिलात सरकारी विधेयकाला अभ्यासाने विरोध करण्याची रीतच पडलेली नव्हती. ती मंडलिकांनी पाडली असे माझे मत आहे. बदरुद्दीन तय्यबजी १८८२ साली आले, काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८८४ साली. फिरोजशहा मेहतांनाही रेसाहेबांच्याच काळात घेतले. मुंबई शहराचा १८८८ चा म्युनिसिपल कायदा, ज्यावर आजही महापालिका उभी आहे, त्याचा मसुदा तपासणाऱ्या निवड समितीत तेलंग आणि मेहता दोघेही होते. तेलंग १८८९ साली हायकोर्टाचे जज्ज झाले आणि कौन्सिलातून बाहेर पडले. ही वाट पुढे आणखी काहींनी तुडवली, त्यामुळे एखादे नाव यादीतून एकाएकी नाहीसे झाले तर हायकोर्टाच्या नेमणुका बघाव्यात.

या सभासदांचा अधिकार किती होता? १८९२ पर्यंत, समोर आलेल्या विधेयकावर बोलणे आणि मत देणे, एवढाच. प्रश्न विचारता येत नसे. अंदाजपत्रकावर अवाक्षर काढता येत नसे. जकात, नाणी, टपाल, कर्ज, फौज, धर्म असल्या विषयांना हात लावायचा तर गव्हर्नर जनरलची आगाऊ मंजुरी लागे. सगळे पार पडून गव्हर्नराची सही झाली तरी कलकत्त्याची संमती हवी, आणि त्यावर लंडनहून नामंजुरी येऊ शके. वर्षाकाठी बैठका मोजक्याच. पावसाळ्यात सरकार पुण्याला जाई, तेव्हा बैठक पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये. जुलै-ऑगस्टच्या बैठकीचे ठिकाण पुणे आणि थंडीतल्या बैठकीचे मुंबई असे कागदात दिसले तर गोंधळून जाऊ नका, सभा एकच.

आता प्रत्यक्ष कागद. कौन्सिलचे कामकाज ‘बॉम्बे गव्हर्नमेंट गॅझेट’मध्ये छापले जाई आणि त्याचे वार्षिक खंडही बांधले जात. कोणत्याही बैठकीचे पहिले पान उघडा. वर त्या लांबलचक नावाचा मथळा, खाली तारीख आणि ठिकाण, आणि मग ‘हजर’ या शब्दाखाली नावांची उतरंड. सर्वांत वर गव्हर्नर, ‘अध्यक्षस्थानी’ अशी नोंद. त्याखाली कार्यकारी सभासद, मग अॅडव्होकेट जनरल, मग जादा सभासद. प्रत्येक नावाआधी ‘ऑनरेबल’. त्याखाली, नवा माणूस असेल तर, त्याने राजनिष्ठेची शपथ घेऊन आसन ग्रहण केल्याची एक ओळ. तुम्हाला हवी आहे ती हीच ओळ. हजेरीतले नाव सांगते की गृहस्थ त्या दिवशी तिथे होते. शपथेची ओळ सांगते की ते कधीपासून होते. तिच्या आसपासच्या आठवड्यांच्या गॅझेटात नेमणुकीची जाहिरात, म्हणजे सरकारी अधिसूचना, सापडते, आणि कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली नेमले ते तिच्यात असते. नेमणूक दोन वर्षांची असल्याने फेरनेमणूक झाली की नवी जाहिरात निघते. सात-आठ वर्षे बसलेला माणूस म्हणून कागदात तीनचारदा ‘नवा’ होतो. यादीतली नावे मोजून सभासदांची संख्या काढणाऱ्यांचे आकडे यामुळेच फुगलेले असतात.

नावांचा घोळ हा या कामातला खरा वैताग. इंग्रज कारकुनाने कानाला लागले तसे लिहिलेले असते. जगन्नाथ शंकरशेट हे ‘जुगोनाथ संकरसेट’ असे येतात. शिवाय आडनाव असेलच असे नाही. नानांचे आडनाव मुरकुटे, पण मुरकुटे म्हणून शोधाल तर जन्मभर सापडणार नाहीत. डॉ. भालचंद्र कृष्ण भाटवडेकर नुसते ‘भालचंद्र कृष्ण’ म्हणून येतात. तेव्हा शोधताना आडनाव बाजूला ठेवा. व्यक्तीचे नाव, वडिलांचे नाव, आणि त्यांच्या आगेमागे लागणारे ‘रावसाहेब’, ‘रावबहादूर’, ‘खानबहादूर’, ‘शेट’ हे सगळे हाताशी घेऊन बसा. छापील सूचीवर विसंबू नका. तिच्यात ‘व्ही’ खाली नसलेला माणूस ‘आर’ खाली, रावबहादूरच्या ‘आर’ खाली, निघालेला मी पाहिला आहे.

तसबिरीवर साल नसेल आणि घरात ‘अमुक साहेबाच्या वेळी’ एवढीच आठवण असेल, तर गव्हर्नरांची क्रमवारी उपयोगी पडते. क्लार्क १८६० ते ६२, फ्रियर ६७ पर्यंत, फिट्झजेराल्ड ७२ पर्यंत, वुडहाउस ७७ पर्यंत, रिचर्ड टेंपल ८० पर्यंत, फर्ग्युसन ८५ पर्यंत, रे ९० पर्यंत, हॅरिस ९५ पर्यंत आणि सँडहर्स्ट १९०० पर्यंत. पुण्याचे कॉलेज फर्ग्युसनच्या नावाचे, मुंबईचा रस्ता सँडहर्स्टच्या नावाचा, त्यामुळे घरोघरच्या आठवणीत ही नावे बरी टिकली आहेत. फक्त ‘लॉर्ड रिपनच्या वेळी’ असे कोणी म्हणाले तर तो व्हाइसरॉय, त्याला मुंबईच्या गव्हर्नरांत शोधू नका.

काळ १८९३ नंतरचा असेल तर सगळा खेळ बदलतो. १८९२ च्या कायद्याने मुंबईच्या जादा सभासदांची संख्या किमान आठ आणि कमाल वीस केली. या विसांतल्या आठ जागा बाहेरच्या संस्थांच्या शिफारशीने भरायच्या ठरल्या. शिफारस हाच शब्द महत्त्वाचा. निवडणूक हा शब्द त्या कायद्याने कटाक्षाने टाळला होता. संस्थेने नाव सुचवायचे आणि गव्हर्नराने नेमायचे. व्यवहारात ती निवडणूकच होती, वर्तमानपत्रेही तसेच लिहीत, पण गॅझेटात शेवटी ‘नेमणूक’च सापडेल. घरी ‘निवडून आले होते’ अशी आठवण आणि कागदात ‘नेमले’ असे दिसले, तर घरचे खोटे बोलत होते असे समजू नका.

शिफारस करणाऱ्या संस्था कोणत्या, हे इथे कळीचे. मुंबई कॉर्पोरेशन, मुंबई विद्यापीठाची सीनेट, व्यापाऱ्यांची चेंबर, दख्खनचे सरदार, सिंधचे जमीनदार, मोफसलच्या, म्हणजे मुंबई शहराबाहेरच्या, म्युनिसिपालट्यांचे गट आणि जिल्ह्यांचा स्थानिक कारभार पाहणाऱ्या डिस्ट्रिक्ट लोकल बोर्डांचे गट. फिरोजशहा कॉर्पोरेशनकडून आले. नारायण गणेश चंदावरकर विद्यापीठाकडून. चिमणलाल सेटलवाड गुजरातच्या लोकल बोर्डांकडून. या प्रत्येक संस्थेचे स्वतःचे दफ्तर असते, आणि गॅझेटात एका ओळीत उरकलेली हकीकत तिथे पानोपानी सापडते. कोण उभे होते, कोणी सुचवले, कोणी माघार घेतली, हे सगळे. वेळ घालवायचा तर इथे घालवा.

लोकल बोर्डांच्या जागेत एक भौगोलिक फसगत आहे. इलाख्याचे कमिशनरी विभाग आजच्या विभागांसारखे नव्हते. मध्य विभागात पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर, नाशिक, खानदेश. ठाणे जिल्हा मात्र उत्तर विभागात, सुरत-भडोच-अहमदाबादबरोबर. आणि कुलाबा व रत्नागिरी दक्षिण विभागात, धारवाड-बेळगावच्या पंक्तीला. वसईच्या माणसाचा प्रतिनिधी गुजराती असणे आणि अलिबागकराने धारवाडच्या माणसाबरोबर मत देणे, हे त्या व्यवस्थेत अगदी सरळ होते. आपल्या गृहस्थांचा जिल्हा कोणत्या विभागात हे आधी ठरवा, नाहीतर भलत्याच जागेच्या फायली चाळत बसाल.

मतदार किती? इथे लोकांची फार निराशा होते. लोकल बोर्डांच्या जागेसाठी मत देणारे म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यांतल्या बोर्डांनी पाठवलेले प्रतिनिधी. लाखो वस्तीच्या सहा जिल्ह्यांमागे मत देणारे एका वाड्याच्या चौकात मावतील एवढेच. लोकल बोर्डेही १८८४ च्या कायद्याने झालेली, अर्धवट निवडलेली, अर्धवट नेमलेली, आणि वर कलेक्टर. बाळ गंगाधर टिळक १८९५ साली मध्य विभागाच्या लोकल बोर्डांकडून गेले ते याच वाटेने. १८९७ साली ते पुन्हा निवडून आले, लॉर्ड सँडहर्स्टने नेमणूक मंजूर केली, आणि थोड्याच आठवड्यांत, २७ जुलैला, त्याच सरकारने त्यांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक केली. जागा त्यांनी सोडली. ‘नामदार’ ही पदवी टिळकांच्या नावाला चिकटली नाही, गोखल्यांच्या चिकटली. गोपाळ कृष्ण गोखले १८९९ साली मध्य विभागाच्याच लोकल बोर्डांकडून गेले आणि दोनतीन वर्षांत फिरोजशहांच्या जागी कलकत्त्याला. तीही एक साखळीच होती. प्रांतिक कौन्सिलच्या बिनसरकारी सभासदांनी आपल्यातला एक वरच्या कौन्सिलसाठी सुचवायचा अशी तरतूद होती. म्हणून काही नावे दोन्हीकडे सापडतात आणि दोन्ही खरी असतात.

१८९३ नंतर आणखी एक सोय झाली. सभासदांना प्रश्न विचारता येऊ लागले आणि अंदाजपत्रकावर बोलता येऊ लागले. उपप्रश्न नाही, अंदाजपत्रकावर मत नाही, पण प्रश्न आणि त्याचे सरकारी उत्तर छापले जाई. शोध घेणाऱ्याला हे घबाड आहे. गृहस्थांनी कुठल्या तालुक्याचा दुष्काळ, कुठल्या गावचा सारा, कुठल्या मामलेदाराची वागणूक काढली, यावरून ते कोणाच्या संपर्कात होते ते कळते. घराण्याच्या इतिहासात नुसत्या ‘नामदार’पेक्षा हे जास्त मोलाचे असते, असे मला वाटते. आणि हे कौन्सिल काय करू शकत होते आणि काय नाही, हे पाहायचे असेल तर ऑगस्ट १९०१ ची पुण्याची बैठक वाचा. जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक होते. सारा थकून जमीन सरकारजमा झाली की सरकारने ती विकण्या-गहाण टाकण्याची मोकळीक नसलेल्या अटीवर परत द्यावी, असा त्याचा रोख होता. विधेयक लोकांची मते घेण्यासाठी लांबणीवर टाकावे अशी सूचना आली. सरकारी मतांनी ती पडली. तेव्हा मेहता, गोखले, दाजी आबाजी खरे, गोकुळदास पारेख आणि भालचंद्र कृष्ण हे पाचजण उठून बाहेर गेले. विधेयक मंजूर झाले. शतक उलटून गेले होते, पण ही बैठक जुन्याच रचनेतली, आणि त्या रचनेचे गणित त्या एका दिवशी जितके उघडे पडले तितके आधीच्या चाळीस वर्षांत पडले नव्हते.

शेवटी ‘नामदार’ या शब्दाविषयी सावधगिरी. ‘ऑनरेबल’ हा मान कौन्सिलच्या सभासदांना होता, तसा हायकोर्टाच्या जज्जांनाही होता. त्यातून म्युनिसिपालटीच्या, कॉर्पोरेशनच्या आणि लोकल बोर्डाच्या सभासदांनाही घरचे आणि गावचे लोक कौतुकाने कौन्सिलर म्हणत, आणि दोन पिढ्यांनी त्याचे ‘कायदे कौन्सिल’ होते. ‘जे. पी.’ (जस्टिस ऑफ द पीस) आणि विद्यापीठाचे ‘फेलो’ हेही असेच वर सरकतात. फसवणुकीचा हेतू क्वचितच असतो. तसबीर रंगवणाऱ्याने किंवा चौकट बसवणाऱ्याने विचारले ‘खाली काय लिहू’, आणि कोणी सांगितले ते लिहिले गेले.

करायचे असे. महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागाराचे मुंबईचे दफ्तर काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. गॅझेट आणि कामकाजाचे खंड तिथे बघा. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयातही जुनी गॅझेटे बघण्यासारखी आहेत, आणि ती सोसायटी टाउन हॉलमध्येच असल्याने पहिली बैठक भरली त्या इमारतीतच तुम्ही वाचत बसाल. त्या वर्षांच्या इंग्रजी डिरेक्टऱ्या आणि कॅलेंडरांत कौन्सिलची दरसालची यादी असते. दिशा दाखवायला ती ठीक, पुरावा म्हणून नाही, कारण छपाईनंतर झालेले बदल तिच्यात नसतात. मराठी बाजू हवी तर ‘ज्ञानप्रकाश’, ‘इंदुप्रकाश’ आणि ‘केसरी’चे त्या महिन्यांचे अंक. नेमणूक झाली की अभिनंदन किंवा टीका, दोहोंपैकी एक छापून येतच असे, आणि टीका जास्त बोलकी असते.

शपथेची ओळ सापडली तर प्रश्न मिटला. ती नाही, नेमणुकीची जाहिरात नाही आणि हजेरीतही नाव नाही, असे झाले, तर तुमच्या जिल्ह्याच्या लोकल बोर्डाचे आणि गावच्या म्युनिसिपालटीचे अहवाल काढा. १८८४ नंतरच्या काळात माझ्याकडे आलेले असले दावे बहुतेक तिथेच सापडले आहेत, आणि बोर्डाच्या सभासदाची फाईल पुष्कळदा कौन्सिलच्या सभासदापेक्षा जाड निघते, कारण विहिरी, शाळा आणि रस्त्यांचे तक्रारअर्ज त्याच्या सहीने गेलेले असतात.